ठकी मिटली तेव्हा

ठकी मिटली ती जूनच्या अखेरीला, आणि पहिले दहा दिवस मी अजिबात घाबरलो नाही.

ठकी म्हणजे आमच्या हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं पोवळं. पोवळं म्हटलं की लोकांना ज्योतिषानं सांगितलेली अंगठी आठवते, म्हणून आधीच सांगतो, हे जिवंत पोवळं, मऊ जातीचं. खाली अळंबीसारखा दांडा, वर बशीएवढी छत्री, आणि छत्रीवर शेकडो बारीक बोटं, पाण्याच्या झोताबरोबर डुलणारी. ही जात अधूनमधून आठवडाभर मिटून बसते, अंगावरचा मेणचट पापुद्रा टाकते आणि पुन्हा फुलते. साप कात टाकतो त्यातलाच प्रकार. तेव्हा "चाललेत बाईसाहेबांचे नखरे" म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण दहाचे वीस दिवस झाले, छत्रीची कड आत वळायला लागली, रंग शिळ्या भाकरीसारखा झाला, तेव्हा मात्र मी घाबरलो.

कारण ठकी माझी नव्हती, नलिनीची होती. नलिनी माझी बायको. फेब्रुवारीत गेली. गॅलरीतली तिची तुळस मे महिन्याच्या उन्हात वाळून काडी झाली, कारण पाणी घालायचं मी विसरलो. मुलगी आहे, योगिनी, पण ती पुण्यात. म्हणजे नलिनीच्या हातचं जिवंत असं या घरात आता एवढंच उरलं होतं. तेही माझ्याच हातून गेलं असतं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकलो नसतो.

मी मूळचा वर्ध्याचा. ब्याऐंशी साली भोपाळच्या मोठ्या कारखान्यात लागलो, यंत्रांवरचे मीटर आणि गेज दुरुस्त करायच्या विभागात, आणि तिथूनच निवृत्त झालो. नलिनी हर्णैची. वर्ध्याच्या मुलाला हर्णैची मुलगी कुणी सुचवली हे एक कोडंच आहे, पण लग्न तिकडेच झालं आणि दुसऱ्या दिवशी सासरे मला कौतुकानं समुद्र दाखवायला घेऊन गेले. मी जन्मात पहिल्यांदा समुद्र बघत होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, "एवढ्या पाण्याचं करायचं काय?" सासरे हसले, मेहुणे हसले, आणि नलिनीनं ते वाक्य चाळीस वर्षं जपून ठेवलं. घरी पाहुणा आला की आधी पोहे आणि मागोमाग हे वाक्य.

तिचा सूड तिला लगेच मिळाला. भोपाळला आल्यावर मी मोठ्या ऐटीत तिला बडा तालाब दाखवला. ती पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे हलत का नाही?"

चाळीस वर्षं ती भोपाळात राहिली, नेहरू नगरच्या भाजीवाल्यांशी माझ्यापेक्षा फर्डी हिंदी बोलायची, पण तिचं घड्याळ हर्णैच्या भरती-ओहोटीवर चालायचं. पौर्णिमेला गच्चीवर जाऊन म्हणायची, "आज आमच्याकडे उधाण असेल." आमच्याकडे म्हणजे तिकडे. मला त्याचा कधीकधी राग येई. म्हणायचो, "मग हे कुणाकडे आहे?" ती म्हणे, "हे तुमच्याकडे."

मी तिला वचन दिलं होतं, निवृत्त झालो की सहा महिने हर्णै, सहा महिने भोपाळ. नोकरीत असताना रजेचं कधी जमलंच नाही. निवृत्त झालो, आणि वर्षाच्या आत तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आता कुठलं हर्णै! ती एका शब्दानं काही बोलली नाही. ती बोलली नाही याचंच मला जास्त लागलं. म्हटलं, तुला समुद्राकडे नेता येत नाही ना, मग समुद्रच आणतो.

जवाहर चौकात अशफाकभाईंचं दुकान आहे. पुढे सोनेरी मासे, पोपटांचे बाजरी-दाणे, आणि मागच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या हौसेखातर मांडलेली एक खारी टाकी. मी विषय काढला तर ते खास भोपाळी थाटात म्हणाले, "भोपाल में समंदर पालोगे, खां? बच्चा पालना आसान है." पण शिकवलं त्यांनीच. चार फुटी टाकी शोकेस काढून तिच्या जागी बसवली. पहिल्या वर्षी नुसतं शेवाळ पिकलं. दुसऱ्या वर्षी दोन मासे गेले. तिसऱ्या वर्षी ठकी आली, परदेशातल्या टाकीत वाढवलेली, कागदपत्रांसकट, आणि तेव्हा कुठे ती टाकी समुद्रासारखी वाटायला लागली.

ठकी हे नाव नलिनीनंच ठेवलं. लहानपणच्या तिच्या लाकडी बाहुलीचं. डायलिसिसहून आली की आधी टाकीचं झाकण उघडायची आणि वाकून वास घ्यायची. एकदा डोळे मिटून म्हणाली, "येतोय हो. थोडासा येतोय." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो, म्हणजे तिला काही ऐकू जाऊ नये.

आणखी एक सांगायला हवं. तिचा माहेरून आणलेला तांब्याचा गडू. रोज संध्याकाळी दिवा लावला की ती त्यात प्यायचं पाणी भरायची, वर फुलपात्र उपडं घालायची, आणि सकाळी उठल्याबरोबर एक फुलपात्र स्वतः प्यायची, एक माझ्यापुढे धरायची. "प्या. पोटाला चांगलं असतं." मी कधीही प्यायलो नाही. मला त्या चवीनं शिसारी यायची. शिवाय मी म्हणायचो, "अगं, दिवसभर कारखान्यात तांबंच बघतो. आता घरी येऊन पिऊ पण?" मग ती म्हणायची, "हट्टी मेले," आणि माझ्या वाट्याचं पाणी तुळशीला घालायची. पुढे डॉक्टरांनी तिचं पाणी मोजून दिलं, तेव्हा तिचंही फुलपात्र अर्ध्यावर आलं, पण गडू भरायचा नेम काही सुटला नाही. आमची तुळस माझ्या हट्टावर वाढली असं ती सगळ्यांना सांगायची.

असो. ठकी मिटली.

अडतीस वर्षं मी शिकाऊ पोरांना एकच गोष्ट शिकवली. बिघाड शोधायचा तर आधी हात खिशात घाला आणि विचार करा, शेवटचं काय बदललं? तसा मीही बसलो. पाण्याचं तापमान सव्वीस. खारेपणा बरोबर. चुन्याचं प्रमाण बरोबर. दिवा तोच, पाण्याचा झोत तोच, मीठ त्याच बादलीतलं. भोपाळच्या उन्हाळ्यात टाकीतलं लिटरभर पाणी रोज उडून जातं, ते सकाळी गोडं पाणी घालून भरावं लागतं. तेवढं मात्र मी एक दिवसही चुकवलं नव्हतं. नारंगी माशांची जोडी तर जेवायला बसल्यासारखी वेळेवर काचेशी हजर होत होती. जूनच्या मध्यावर काच साफ करणाऱ्या तिन्ही गोगलगायी मेल्या होत्या, पण म्हटलं वय झालं असेल. वय झालं की जातात माणसंसुद्धा.

काही सापडेना तेव्हा मी जे करू नये ते केलं. कमलवर घसरलो. कमल आमच्याकडे पंधरा वर्षं काम करते, नलिनीच्या शेवटच्या दिवसांत तिनं केलं तेवढं सख्ख्या बहिणीनं केलं नसतं. तिच्या हातात फिनेलची बाटली दिसली आणि माझं डोकं फिरलं.

"हेच! याच्याच वासानं मरतीये ती!"

कमलनं बादली खाली ठेवली. "बाबूजी, पंद्रह साल से इसी से पोंछा लगा रही हूँ. तब तो आपकी ठकी खूब हँसती थी." आणि फडकं पिळून कामाला लागली. तिचं म्हणणं बिनतोड होतं, म्हणून मला आणखीच राग आला. चार दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो.

त्या रविवारी योगिनीचा फोन आला. पडद्यावर मी तिला ठकी दाखवली. तिनं चेहरा पडद्याजवळ आणून पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही ती टाकी अशफाकभाईंना देऊन का टाकत नाही? तिथे तिची नीट काळजी घेतली जाईल. आणि तुम्ही इकडे या. एकटे किती दिवस राहणार?"

"म्हणजे माझ्याकडे तिची नीट काळजी घेतली जात नाही?"

"तसं नाही म्हणाले मी."

"तुळशीचं कळलं वाटतं तुला कमलकडून," असं म्हणून मी फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं. पोरगी चुकीचं काही बोलत नव्हती. तिलाही आई नव्हतीच की.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जवाहर चौक गाठला. अशफाकभाईंनी मला स्टुलावर बसवलं आणि डॉक्टरसारखे एकेक प्रश्न विचारायला लागले.

"मछलियाँ?"

"मस्त."

"घोंघे?"

"मर गये. तीनों."

"पहले घोंघे गये, फिर कोरल बंद हुआ, और मछली मस्त." त्यांनी दाढी खाजवली. "खां, ये तो ताँबे की चाल है. मछली थोड़ा-बहुत ताँबा झेल जाती है. घोंघा और कोरल नहीं झेलते. रत्ती भर में खलास."

"ताँबा कहाँ से आयेगा?"

"वो आप ढूँढो, इंजीनियर तो आप हैं. घर में कुछ बदला?"

"कुछ नहीं बदला," मी ठामपणे म्हणालो. "सब वैसा का वैसा."

"एक दिन आंटी को ले आओ ना. उनसे पूछते हैं. वो तो कोरल की शकल देखके बता देती थीं कि पेट में क्या है."

त्यांना माहीतच नव्हतं. मी फेब्रुवारीनंतर त्यांच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. मीठ घरात होतं, माशांचं खाणं होतं, यायचं कारण नव्हतं. मी पोपटाच्या पिंजऱ्याकडे बघत सांगितलं, "वो फरवरी में चली गयीं."

अशफाकभाई उठले, बाहेर जाऊन चहा सांगून आले, आणि माझ्याशेजारी दुसरं स्टूल ओढून बसले. चहा आला, त्यांनी कप माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाले, "और आप केते हो कुछ नहीं बदला."

तांबं तपासायच्या थेंबांची एक डबी त्यांनी माझ्या पिशवीत टाकली. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब घालायचे, पाणी निळसर झालं की तांबं आहे.

घरी आलो आणि चपला न काढताच टाकीतलं पाणी घेतलं. थेंब घातले. पाणी निळं झालं.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. शत्रू तरी सापडला. आता कारखान्यातला जुना काशिनाथ माझ्यात जागा झाला. दोन्ही पंप उघडले, मोटारीची गुंडाळी कुठे उघडी पडली आहे का ते भिंगातून पाहिलं. काही नाही. हीटर, दिव्याच्या वायरी, झाकणाचे स्क्रू, सगळं पाहिलं. काही नाही. मग पाण्याच्या वाटेनं निघालो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चहाचे कप मांडले. एकात नळाचं पाणी, एकात फिल्टरचं, एकात मीठ कालवून ठेवलेल्या पिंपातलं, एकात नुसत्या बादलीतलं. एकेक नळी भरली, थेंब घातले. चारही नळ्या पांढऱ्याफटक. तांबं टाकीत होतं आणि कुठूनही येत नव्हतं. असं होऊच शकत नाही. मी डोकं धरून बसलो.

कमल भांडी घासत होती. अबोला चालूच होता, पण तिला राहवलं नाही.

"बाबूजी, सब पानी देख लिया?"

"हो. सब."

तिनं ओल्या हातानं ओट्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "आंटीवाला तो छूट गया."

कोपऱ्यात गडू होता. फुलपात्र उपडं घातलेला. कमल दर आठवड्याला तो चिंचेनं घासायची, नलिनी असताना घासायची तसाच, लखलखीत. मी तो रोज संध्याकाळी भरायचो. नलिनी गेल्यावर तेराव्यापर्यंत योगिनीनं भरला, ती पुण्याला गेल्यावर मी भरायला लागलो. का, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. दिवा लावला की हात आपोआप तिकडे जायचा. सकाळी ते पाणी मी तुळशीला घालायचो. मध्येच चुकायचंही, आठवड्यात दोन-तीनदाच आठवायचं, आणि मेच्या उन्हाला तेवढं पुरलं नाही. तुळस वाळली. आणि मग रोज भरलेल्या त्या पाण्याचं करायचं काय? मोरीत ओतायचं? नलिनीचं पाणी मोरीत ओतायला माझा हात धजेना. तेव्हापासून मी ते ठकीला घालायला लागलो. टाकीला रोज लिटरभर गोडं पाणी लागतंच, गडू लिटरभराचाच, आणि पाणी तर त्याच फिल्टरचं. मला वाटायचं, नलिनीच आपल्या हातानं ठकीला पाणी पाजतीये. दिवसभरात तेवढी एक गोष्ट मला बरी वाटायची. तुळशीच्या वेळचा धडा घेतला होता, म्हणून एकही सकाळ चुकवली नाही.

नलिनी स्वतः टाकीत पाणी घालायची ते प्लास्टिकच्या मगानं.

मी पाचवा कप घेतला. गडूतलं पाणी नळीत घेतलं, थेंब घातले. तिथल्या तिथे गडद निळं झालं. शाळेत मोरचुदाचे खडे पाहिले होते, त्या रंगाचं.

मी अडतीस वर्षं लोकांची यंत्रं दुरुस्त केली. शेवटचं काय बदललं ते मला माझ्या घरात दिसलं नाही, कारण ते मी स्वतः, रोज सकाळी, प्रेमानं करत होतो. मी ओट्याला टेकून रडलो. कमलसमोर रडलो. नलिनीच्या अंत्यविधीलाही मी असा रडलो नव्हतो, तेव्हा लोकांना चहा मिळाला की नाही ते बघत होतो. कमलनं नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि तिथेच उभी राहिली.

"फिनेलचं बोललो ते चुकलं माझं," मी म्हणालो.

"वो तो मैं उसी दिन भूल गयी," ती म्हणाली. विसरलेली बाई चार दिवस अबोला धरत नाही, पण मी तेवढं समजून घेतलं.

गडू मी माळ्यावर टाकला. तिच्या लोखंडी ट्रंकेमागे, हात सहज पोचू नये असा. मग कामाला लागलो. दर दोन दिवसांनी टाकीतलं थोडं पाणी काढून नवं खारं पाणी. फिल्टरमध्ये कोळशाची पिशवी, आणि अशफाकभाईंनी मागवून दिलेला तांबं शोषून घेणारा एक स्पंज. तो तांबं प्यायला की निळा पडतो. पहिला दोन दिवसांत निळा झाला. दुसरा आठवड्यानं. तिसरा पांढराच राहिला.

सतराव्या दिवशी ठकीच्या कडेला एक बोट बाहेर आलं. एकच. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग योगिनीला फोन लावला आणि हॅलोसुद्धा न म्हणता ओरडलो, "एक बोट आलंय!" ती मीटिंगमध्ये होती. तरी हसली. म्हणाली, "आईला सांगितलंत?" तिच्या तोंडून सहज निघून गेलं. मी म्हटलं, "सांगतो."

ऑगस्ट संपेपर्यंत निम्मी छत्री फुलली. घरात सगळं ठीक झालं होतं, आणि संध्याकाळी दिवा लावला की माझा हात रिकामा व्हायचा. ओट्याच्या त्या कोपऱ्यात एक गोल डाग होता, गडूच्या बुडाचा. कमलनं घासून पाहिला, जात नव्हता. मी रोज त्या डागाकडे बघायचो. एकीला वाचवायचं म्हणून दुसरीला घराबाहेर काढल्यासारखं वाटत होतं. त्यात बिचाऱ्या गडूचा काय दोष? त्यातलं पाणी टाकीसाठी नव्हतंच. ते कुणासाठी भरलेलं असायचं, हे मला चाळीस वर्षं रोज सकाळी कुणीतरी समोर धरून सांगत होतं.

सप्टेंबरातल्या पौर्णिमेच्या संध्याकाळी स्टूल घेतलं, माळ्यावरून गडू काढला, चिंचेनं घासला, फिल्टरचं पाणी भरलं, वर फुलपात्र उपडं घातलं. मग गच्चीवर गेलो. हर्णैला उधाण असणार होतं.

सकाळी उठलो आणि हॉलमध्ये टाकीसमोर खुर्ची ओढून बसलो. पहिलं फुलपात्र भरलं, नाक दाबलं आणि घशाखाली ढकललं. जीभ दाराच्या कडीला लावावी तशी चव. तोंड वेडंवाकडं झालंच. नलिनी असती तर म्हणाली असती, "मेलात का? नाही ना?"

दुसरं फुलपात्र भरलं. समोर ठकीची सगळी बोटं बाहेर आली होती, हलत होती. रोज याच वेळी तिला पाणी मिळायचं.

"तुला नाही मिळायचं," मी तिला म्हटलं. "हे तुझ्या आईनं माझ्यासाठी ठेवलंय."

आणि तेही पिऊन टाकलं.